भर उन्हात थांबलेला पंखा

आमच्या गल्लीत त्याला तोंडावर सगळे ‘रीडर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘शंकासुर’. दोन्ही नावं त्यानं स्वतःच्या कष्टानं मिळवलेली आहेत. एकतीस वर्षं तो वीज कचेरीत नोकरीला होता आणि घरोघरचे मीटर वाचत होता. खांद्याला पिशवी, पिशवीत वही आणि टॉर्च, आणि मीटरची काच पुसायला एक वेगळा रुमाल. त्या रुमालानं त्यानं कधी तोंड पुसलं नाही.

त्याच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. लिहायची मला सवय नाही. शिवाय या हकिगतीत एक चूक माझीही आहे, म्हणून टाळत होतो.

मीटर तो दोनदा वाचायचा. एकदा उभा राहून आणि एकदा गुडघ्यात वाकून, डोळा अगदी आकड्यांच्या रेषेत आणून. वरून पाहिलं तर काटा एकीकडे दिसतो, खालून पाहिलं तर दुसरीकडे, असं तो म्हणे. घरातून कुणी ओरडून आकडा सांगितला, “अहो, चार हजार दोनशे सात लिहा, कुत्रा मोकळा आहे,” तर हा फाटकाशी उभा राहायचा. कुत्रा बांधेपर्यंत हलायचा नाही. “सांगितलेला आकडा मी लिहीत नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. संशय आला की घरातली सगळी बटणं बंद करायला लावायचा आणि मीटरची चकती तरीही सरकते का ते बघत बसायचा. कुणी मीटरच्या काचेच्या फटीतून फिल्मची पट्टी सारलेली, कुणी मागून तार ओढलेली, असं कितीतरी त्यानं पकडलं. एका छापखान्याच्या जनरेटरची वीज उलटी तारेत शिरली आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा उजवा हात जळाला. तो लाईनमन याच्याबरोबर रोज डबा खायचा. तेव्हापासून कुठं जनरेटर दिसला की हा त्याच्या वायरी तपासल्याशिवाय पुढे जात नसे. ते त्याचं काम नव्हतं, तरीही.

घरीही तेच. गॅसचा सिलिंडर आला की वजनकाटा काढायचा. औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या दुकानातच मोजायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, लग्नातली गोष्ट नेहमी सांगतात. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात खरंच रोल आहे की नुसतंच टकटक करतोय, असा नवरदेवाला संशय आला. त्यानं कॅमेरा उघडून पाहिला. रोल होता, पण उजेड लागून सगळा वाया गेला.

“मी नवरी होते याला काही पुरावाच नाही, भाऊजी,” वहिनी मला म्हणायच्या. “उद्या हे म्हणाले की तू कोण, तर मी काय दाखवू?”

“अगं, पण रोल होता ना?” हा म्हणायचा. “मग माझा प्रश्न सुटला.”

या वहिनींची फुप्फुसं पाच-सहा वर्षांपूर्वी आखडायला लागली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घ्यायला सांगितलं. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं, प्रवासाच्या बॅगेएवढं, खाली चाकं असलेलं. दिवसातून सोळा तास नाकाला नळी. मशीनच्या पुढच्या बाजूला काचेची एक छोटी उभी नळी आहे, तिच्यात एक गोळी तरंगते. गोळी दोनच्या रेषेवर हवी. तो ती सकाळ-संध्याकाळ बघायचा, एकदा उभा राहून आणि एकदा वाकून.

मशीन विजेवर चालतं, आणि आमच्याकडे वीज दुपारी जाते. कधी तासभर, कधी जास्त.

गेल्या उन्हाळ्यात एकदा साडेअकराला गेली. मी आणि माझी बायको त्या दिवशी गावात नव्हतो, हे सगळं नंतर कळलं. त्यांचा जुना इन्व्हर्टर दीड तास चालला, मग शिट्टी मारून गप्प झाला. मग उशाशी ठेवलेला छोटा सिलिंडर. साडेचारला त्याचा काटा लाल पट्ट्यात गेला. वहिनींचे ओठ जांभळे पडले होते आणि त्या हातानं खूण करत होत्या की मी बरी आहे, तुम्ही बसा. वीज पावणेपाचला आली. मधल्या पंधरा मिनिटांबद्दल तो आजवर काही बोललेला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच आमच्या दारात आला आणि वर गच्चीकडे बोट दाखवून म्हणाला, “हे तुझ्या पोरानं कुणाकडून बसवून घेतलं?”

आमच्या गच्चीवर सोलरची सहा पॅनेल्स आहेत. मुलगा लांब नोकरीला असतो, त्यानं हौसेनं बसवून दिली.

“चांगलं चालतं?”

“बिल बरंच कमी येतं,” मी म्हणालो.

“बिलाचं नाही विचारत. लाईट गेल्यावर तुझा पंखा चालू असतो. मी आमच्या खिडकीतून पाहिलाय. एकदा नाही, चार वेळा पाहिलाय. दुपारी लाईट जाते, आणि दुपारीच ऊन असतं. बरोबर?”

मी म्हणालो, “चालतो खरा.”

इथं मला थांबून माझी गोष्ट सांगायला हवी. पॅनेल्स बसली तेव्हा मी न्हाव्याच्या दुकानात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आता लाईट गेली काय अन् आली काय, आम्हाला पत्ता लागणार नाही. महिन्याभरात एका दुपारी लाईट गेली, आणि डोक्यावर रणरणतं ऊन असताना आमचा पंखा थांबला. मला वाटलं, धूळ पुसताना माझ्याच हातून भिंतीवरच्या सोलरच्या पेटीचं काहीतरी दाबलं गेलं. मुलाला भीत भीत फोन केला. तो कामात होता. “बाबा, ते तसंच असतं, मी बघतो,” एवढंच म्हणाला. आठ दिवसांनी एक माणूस आला आणि जिन्याखालच्या कपाटात, ट्रंकांच्या मागे, नवा इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवून गेला. पंखा चालू लागला. म्हणजे तो चालायचा बॅटरीवर, उन्हावर नाही. तसंच म्हणजे कसं, हे मी मुलाला पुन्हा विचारलं नाही आणि गल्लीत कुणाला सांगितलं नाही. न्हाव्याकडे एवढं बोलून बसलो होतो.

रीडरला एवढंच माहीत होतं की माझ्याकडे इन्व्हर्टर नाही. आयुष्यभर मी नको म्हणत आलो होतो. नवा आला, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चार दिवसांनी आमची पॅनेल्स बसवणारा सोलारवाला त्याच्याकडे आला. चाळिशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला, हसतमुख माणूस. मलाही बोलावणं होतं. रीडरनं त्याला खुर्ची दिली आणि स्वतः वही घेऊन समोर बसला.

“पॅनेलची हमी किती?”

“पंचवीस वर्षं, काका.”

“तुमचं दुकान किती वर्षांचं?”

“चार होतील आता.”

“मग उरलेली एकवीस वर्षं हमी कोण देणार? तुमचा चष्मा?”

सोलारवाला हसला. हा हसला नाही. गारा पडल्या तर, कबुतरांनी घाण केली तर, धूळ साचली तर, गच्ची गळली तर, कंपनी बुडाली तर. प्रत्येक उत्तर त्यानं लिहून घेतलं आणि त्याखाली ‘म्हणे’ असा शब्द घातला. मग त्यानं सोलारवाल्याचं वय विचारलं आणि तेही लिहिलं.

“काका, मी चोर वाटतो का तुम्हाला?”

“अजून नाही,” तो म्हणाला. “अजून तुम्ही काही विकलं कुठंय?”

पलंगावरून वहिनींनी हात वर केला. नळी लावून बोलायचं म्हणजे त्यांना तुकड्यातुकड्यांत बोलावं लागतं.

“आणि... लाईट गेली की?”

सोलारवाल्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तोंड उघडलं. पण त्याच्या आधी रीडरच बोलला, “ते विचारायची गरज नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेजारी चालतंय.” आणि त्यानं माझ्याकडे पेन्सिल रोखली.

सोलारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. फरशीवर मशीनच्या चाकांचे चार डाग होते, ते मला अजून आठवतात. सोलारवाल्यानं चष्मा पुन्हा कपाळावर नेला.

खर्च मोठा होता. त्याच्या निवृत्तीच्या पैशांतली एकच ठेव उरली होती, तिच्यातून हे एकदाच करता येणार होतं. चुकलं तर दुसऱ्यांदा करायला काही नव्हतं. म्हणून सही करण्याआधी त्यानं तीन आठवडे मागून घेतले आणि ते तीन आठवडे तो रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता माझ्या मीटरसमोर हजर राहू लागला. रुमालानं काच पुसायचा, उभा राहून वाचायचा, वाकून वाचायचा, लिहायचा. ढगाळ दिवशी दुपारीही यायचा.

आमची ही चहा विचारायची. तो म्हणायचा, “नको, मी कामावर आहे.”

एकदा ती म्हणाली, “भाऊजी, तोवर आमच्याकडून एक वायर ओढून ठेवा वहिनींच्या मशीनसाठी. लाईट गेली की जोडायची.”

“आणि मधे कुणाचा पाय अडकला तर? उंदरानं कुरतडली तर? दुसऱ्याच्या तारेवर तिचा श्वास ठेवायचा नाही मला.”

सतराव्या की अठराव्या दिवशी त्यानं वाचता वाचता मागे न बघता विचारलं, “तुला काय मिळणार यात?”

“कशात?”

“मी सही केली की. पाच टक्के देतात म्हणे, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला.”

“मी कुठं आणलं? तूच विचारलंस.”

“तेच तर. मी विचारावं असं तू कधी म्हणाला नाहीस. हुशार माणूस असाच करतो.”

मला फार लागलं ते. चाळीस वर्षं आमची भिंत एक आहे. पण दारात उभ्या उभ्या मला असंही वाटलं की याच्या संशयाची जागाच तेवढी चुकली आहे. लपवतोय मी, हे त्याला बरोबर कळलंय.

रात्री जेवताना हिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, “शुक्रवारी सही आहे. तुम्ही सांगणार की मी सांगू?”

“तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.”

“न ठेवू दे. पण सांगा. त्या बाईचे ओठ मी पाहिलेत दुसऱ्या दिवशीही. तुमचा न्हावी मोठा की त्या?”

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी त्याच्याकडे गेलो. सोलारवाला चारला येणार होता. कागद टेबलावर होते, वर पेन आडवं ठेवलेलं. वहिनी जाग्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. पंखा बॅटरीवर चालतो. जिन्याखाली इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की पॅनेल्स बंद पडतात. का, ते मला माहीत नाही.

त्यानं कागदांवरचं पेन उचलून खिशात घातलं.

“आज सांगतोयस? सही दोन-चार तासांवर आली तेव्हा?” तो म्हणाला. “त्यानं तुला कमी द्यायचं ठरवलं वाटतं.”

“कुणी काही देत नाही मला.”

“मग खोटं तरी का बोललास?”

“लाज वाटली,” मी म्हणालो. दुसरं काही कारणच नव्हतं.

वहिनी पलंगावरून हसल्या. हसण्यानं त्यांना खोकला आला. “यांना... बाकी सगळं... ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “लाज... हे कारण... वहीत नसेल.”

तो उठला. “सांगितलेलं मी लिहीत नाही,” म्हणाला. “चल.”

आमच्या घरी आल्यावर त्यानं आधी जिन्याखालचं कपाट उघडलं, ट्रंका बाहेर काढल्या आणि बॅटरीकडे नुसतं पाहिलं. मग जुन्या सवयीनं हुकूम सोडला, “सगळं बंद करा. फक्त पंखा चालू.” हिनं फ्रिजसुद्धा बंद केला. त्यानं गच्चीवर जाऊन ऊन पाहिलं. डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन होतं. सहाच्या सहा पॅनेल्सवर सावलीचा ठिपका नाही. खाली येऊन त्यानं जिन्याखालचा इन्व्हर्टर बंद केला. पंखा फिरत होता. मग स्टुलावर चढून त्यानं बाहेरून येणाऱ्या विजेचा मेन स्विच खाली ओढला.

भिंतीवरच्या सोलरच्या पेटीतला हिरवा दिवा गेला आणि लाल लागला. पंखा एक-दोन-तीन फेऱ्या आपल्याच जोरावर फिरला, मग पाती वेगवेगळी दिसायला लागली, मग थांबला.

तो स्टुलावरून उतरला नाही. तिथेच उभा राहून थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता सोलारवाल्याला शिव्या घालेल, मग मला. पण तो म्हणाला,

“बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“बंदच पडायला हवं हे. लाईट गेली म्हणजे बाहेर कुणीतरी खांबावर चढलेला असतो. तुझ्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा हात जाईल.” त्यानं स्वतःचा उजवा हात पुढे करून पाहिला. “अरे, मी हे लिहून दिलंय कचेरीत. माझ्या हातानं. जनरेटर बघत गावभर फिरलो. आणि तुझ्या छपरावर सहा जनरेटर बसले, तेव्हा मी काय बघत होतो? पंखा.”

हिनं त्याला पाणी दिलं. ते त्यानं स्टुलावरच उभ्यानं प्यायलं. मग म्हणाला, “उभं राहून वाचलं. वाकून वाचायचं राहिलं.”

चार वाजता सोलारवाला आला. रीडरनं त्याला बसायलाही सांगितलं नाही.

“लाईट गेल्यावर हे चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं, काका.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

सोलारवाल्यानं चष्मा काढून हातात घेतला. “तुम्ही म्हणालात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्यासारख्या माणसाला मी कसं खोटं पाडू? आणि काका... बोललो असतो तर ऑर्डर गेली असती.”

“हे दुसरं कारण खरं,” रीडर म्हणाला. “पहिलं लिहून घेत नाही.” पण त्यानं त्याला हाकललं नाही. मला वाटतं, ज्या माणसानं दुसरं कारणही सांगून टाकलं त्याला हाकलावं कसं, ते त्याला कळेना.

मग तासभर हिशेबापेक्षा भांडणच झालं. लाईट नसतानाही उन्हावर चालेल अशी पद्धत आहे, पण तिला बॅटरी लागते आणि बाहेरची तार आपोआप तोडणारी वेगळी पेटी लागते. लाईट गेली की घर बाहेरच्या तारेपासून सुटतं, आणि पॅनेल्स फक्त घराला आणि बॅटरीला वीज देत राहतात. ते महाग. सहा पॅनेल्स आणि ही पेटी, दोन्ही त्या एका ठेवीत बसत नव्हतं. सहा घेतली तर बिल जवळजवळ पुसलं जाणार होतं. तीन घेतली तर पेटी आणि बॅटरी बसत होती, पण बिल थोडंच उतरणार होतं, घातलेले पैसे निम्मेही वसूल झाले नसते. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार ती वेगळीच.

“हा तोट्याचा सौदा आहे,” रीडर म्हणाला. “मी हा कागद कुणालाही दाखवला तर तो मला वेड्यात काढेल.”

“नका दाखवू... कुणाला,” वहिनी म्हणाल्या. “फोटोही... नाहीतच... आपले.”

त्यानं तीन पॅनेल्सच्या कागदावर सही केली. प्रत्येक पानावर त्यानं सोलारवाल्याकडून एक ओळ हातानं लिहून घेतली: लाईट नसताना, दुपारी, हे मशीन चालेल. मग तीच ओळ स्वतःच्या वहीत उतरवली, पण खाली ‘म्हणे’ लिहिलं नाही. नुसती मोकळी ओळ ठेवली.

महिन्याभरानं बसवून झालं. काम संपलं त्या दुपारी सोलारवाला, त्याची दोन माणसं, मी आणि आमची ही, सगळे त्यांच्या खोलीत उभे होतो. भरलेला सिलिंडर उशाशी ठेवला होता. वहिनींनी हात वर केला, म्हणजे चालू द्या. बरोबर साडेअकराला रीडरनं मेन स्विच खाली ओढला.

मशीनचा घोरण्यासारखा आवाज क्षणभर अडखळला आणि पुन्हा चालू झाला. सोलारवाल्यानं टाळी वाजवली. रीडरनं खुर्ची ओढून मशीनसमोर ठेवली, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि बसला. दोन तास झाले. सोलारवाल्याची माणसं कंटाळून निघून गेली. तीन तास झाले. सोलारवाला स्वतः जिन्यात बसून राहिला. चार वाजून गेले, साडेचार झाले. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं.

पावणेपाचला तो उठला, मशीनजवळ गेला, उभा राहून नळीतली गोळी पाहिली, गुडघे धरून वाकला आणि डोळा रेषेत आणून पाहिली. मग गुडघ्यावर हात ठेवूनच त्यानं मला हाक मारली.

“इकडे ये. तू वाच.”

“मी?”

“माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही आता. वाकून वाच.”

मला वाकायला वेळ लागतो. पाठ धरते. त्यानं माझा दंड धरला. गोळी बारीक थरथरत होती, बरोबर रेषेवर.

“दोन,” मी म्हणालो.

त्यानं वही उघडली, ती मोकळी ओळ काढली आणि माझा आकडा लिहिला.